शेजारच्या सीटखालचा ब्रेक

शिकाऊ गाडीला दोन ब्रेक असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारच्या सीटखाली, शिकवणाऱ्यासाठी. हा दुसरा ब्रेक म्हणजे मोठं व्यसन. एकदा पाय त्याच्यावर टेकला की उचलवत नाही. इतर ड्रायव्हिंग स्कूलवाले तो सारखा दाबत राहायचे, आणि स्टिअरिंग धरून बसलेल्या बिचाऱ्याला वाटायचं की गाडी आपणच चालवतोय. ड्रायव्हिंगच्या बाईंना हे अजिबात खपायचं नाही. त्यांचा पाय ब्रेकच्या बोटभर वर असायचा. तिथून हलायचा नाही आणि खालीही यायचा नाही. समोरून ट्रक येवो की कुत्रं आडवं येवो, बाई एवढंच म्हणायच्या, की बघितलंस ना, मग कर काय करायचं ते. शिकणाऱ्याला घाम फुटायचा, पण तो करायचा. एखाद्याला नाहीच जमलं तर, म्हणून तो पाय तिथे होता.

अर्धी वस्ती त्यांच्या हाताखालून गेली. बाईमाणूस गाडी शिकवणार म्हटल्यावर सुरुवातीला लोक हसले, मग त्यांच्याच बायका शिकायला आल्या, मग गुपचूप ते स्वतः आले. बाईंच्या नाकावर माशी बसलेली चालायची नाही आणि जिभेला तर हाडच नव्हतं. पहिल्याच दिवशी त्या प्रत्येकाला एक नाव ठेवायच्या आणि ते त्याला जन्मभर चिकटायचं. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने शिकताना क्लच जाळला, तो झाला क्लच. आज त्याचे केस पिकलेत, दुकानाच्या पाटीवर त्याचं खरं नाव ठळक अक्षरांत आहे, पण त्या नावाने त्याला हाक मारणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पोटच्या मुलाचीही सुटका झाली नाही. वळण अजून दिसतही नाही तोवर हा इंडिकेटर लावून मोकळा, आणि वळून झालं की बंद करायला विसरणार. म्हणून तो इंडिकेटर. पोरगा गुणी होता, पण पाळण्यातच काळजी करायला शिकलेला.

बाईंचे यजमान टेलिफोन खात्यात होते. हा माणूस घरी आला की हातात पक्कड घेऊन बसायचा. एके वर्षी त्यांनी चपलांच्या कपाटावर एक पत्र्याची पेटी बसवली, आणि जिन्यातला दिवा, गीझर, पाण्याचा पंप, गाडीच्या गेटची मोटर, सगळं तिच्या ताब्यात दिलं. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हायचा. गाडीतून बटण दाबलं की गेट सरकायचं आणि रस्त्यावरची पोरं टाळ्या वाजवायची. यजमानांनी त्या पेटीचं नाव ठेवलं कारभारी. बाईंनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं की कारभारी ठेवा नाहीतर दिवाण ठेवा, भिंतीवरचं बटण माझं राहील. म्हणून प्रत्येक खोलीत टक्कन वाजणारं साधं, जाड बटणही होतं. कारभारी उकाड्यात तापायचा. वीज जाऊन आली की त्याचं घड्याळ चुकायचं आणि मग भर दुपारी जिन्यातला दिवा लावून ठेवायचा. पण तो कितीही रुसला तरी घर अडत नव्हतं. बाई जाता जाता बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, झोपा तुम्ही.

एका दुपारी यजमान खुर्चीत बसल्या बसल्या गेले. बाई तेव्हा शिकाऊ गाडीत होत्या. मुलगा दूरच्या शहरात, विमानाच्या अंतरावर. त्याने नेमका त्याच वेळी वडिलांना फोन केला होता. रिंग वाजत राहिली, बाबा झोपले असतील म्हणून त्याने ठेवून दिला. त्याने काही केलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टरांनी सांगितलं, बाईंनी सांगितलं, सुनेने सांगितलं. पण ती रिंग त्याच्या कानातून काही गेली नाही.

त्यात मग बाई पडल्या. गाडी धुताना ओल्या फरशीवर पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन घरात, बाई पोर्चमध्ये, आणि पेपरवाला येईपर्यंत त्या तशाच पडून. मुलगा मिळेल त्या विमानाने आला. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून रडला. बाईंनी ते स्ट्रेचरवरून पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

परत जाण्याआधी त्याने जुना कारभारी काढून टाकला. कंपनीचा माणूस आला आणि त्याने बशीएवढी एक पांढरी, गुळगुळीत चकती भिंतीवर लावली. ही चकती इंटरनेटवरून कंपनीशी बोलणार, कंपनी मुलाच्या फोनशी बोलणार, आणि मुलगा तिकडून घर सांभाळणार. जुनी बटणं चालणार नाहीत म्हणून तीही उपटली आणि त्यांच्या जागी काचेच्या पाट्या बसवल्या. बोट लावलं की पाटी आधी चकतीला विचारणार, मग दिवा लागणार. सगळं झाल्यावर त्या माणसाने विचारलं, मालकाचा नंबर काय टाकू? बाई पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. खुब्यात कळा येत होत्या. त्या वैतागून म्हणाल्या की माझ्या मुलाचा टाक, असल्या गोष्टी त्यालाच कळतात. माणसाने टाकला. आता बाईंना कुठे बसवायचं, तर चकतीत दुसरी एकच जागा होती. तिथे त्याने त्यांचं नाव घातलं आणि निघून गेला. म्हणजे धोंडा बाईंनी स्वतःच्याच हाताने पायावर पाडून घेतला. माय-लेकांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पडल्या पडल्या दिवा लागतोय, पंखा फिरतोय, काय वाईट आहे? पण बाई वॉकरवरून काठीवर आल्या आणि तिकडे उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. गीझर जास्त वेळ राहिला की आपोआप बंद, बाई अंगाला साबण लावून उभ्या. पुस्तकाचं प्रकरण संपायच्या आत खोलीतला दिवा मंद, का तर आईची झोप पूर्ण व्हायला हवी. वर फोन. आई, तू आज जिना चढलीस का? आई, फ्रिजचं दार इतका वेळ उघडं का होतं? आई, मागच्या खोलीत सकाळपासून कुणी हललेलं नाही, ठीक आहेस ना? भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं. सून बिचारी एकदा म्हणाली की आई, आमच्याकडे जेवतानाही तुमच्या घराचे दिवे टेबलावर असतात.  पण हॉस्पिटलच्या पॅसेजमधली मुलाची ती पाठ बाईंना आठवायची आणि जिभेवर आलेलं परत गिळलं जायचं.

शेवटी डॉक्टरांनी तपासलं, चालवून पाहिलं आणि सांगितलं की हाड छान जुळलंय, आता गाडी चालवायला हरकत नाही. बाईंनी घरी येताना त्याच पायाने एक दगड ठोकरला, फक्त बघायला. आणि दुसऱ्याच दिवशी नर्सला निरोप धाडला.

ही नर्स दवाखान्यात होती, चाळिशीची, अबोल. दवाखाना घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांसाठी व्हॅन सुरू करणार होता, आणि जी नर्स स्वतः व्हॅन चालवेल तिला ते काम मिळणार होतं. तिला ते काम हवं होतं. बाईंच्या आजारपणात ड्रेसिंगला तीच यायची, आणि बाईंनी खाटेवर पडल्या पडल्या तिला ताटलीचं स्टिअरिंग करून गिअर समजावले होते. नर्स गाडी कधीच बंद पाडायची नाही, पण हॉर्नही वाजवायची नाही, कुणाला त्रास नको म्हणून. अर्थात तिचं नाव पडलं हॉर्न. बाईंनी तिला रस्त्यावर आणलं, घाट चढवला, उलटं पार्किंग करून घेतलं. तेव्हा मुलगा प्रवासात होता आणि त्याला पत्ता लागला नाही. लागला तेव्हा त्याने फोनवर काहीच म्हटलं नाही. काही म्हटलं असतं, तर पुढचं टळलं असतं.

टेस्टच्या सकाळी नर्स इस्त्रीचा गणवेश घालून वेळेच्या आधी हजर. गेटशेजारच्या छोट्या दारातून आत आली. बाईंनी गाडी सुरू केली, गेटजवळच्या काचेच्या पाटीला बोट लावलं. गेट हललं नाही. चकतीतून एका बाईचा गोड आवाज आला.

"या कामाची तुम्हाला परवानगी नाही. कृपया घराच्या मालकाशी संपर्क साधा."

बाईंना वाटलं बोट नीट लागलं नसेल. पदराने पाटी पुसली, पुन्हा लावलं. तोच आवाज, तेवढाच गोड. मग त्यांनी फोनवर ते ॲप उघडलं, आणि आजवर कधी न पाहिलेल्या कोपऱ्यात पाहिलं. वर मुलाचं नाव, त्याच्यापुढे लिहिलेलं, मालक. खाली त्यांचं नाव, त्याच्यापुढे लिहिलेलं, पाहुणा.

तळपायाची आग मस्तकात गेली. या घराचा पाया खणला तेव्हा पोटुशी असताना उन्हात उभं राहून विटा कुणी मोजून घेतल्या? शिकाऊ गाडीत दिवसाला शंभर वेळा जीव मुठीत धरून या गेटचं लोखंड कुणी आणलं? आणि आता भिंतीवरची बशी सांगतेय, मालकाशी संपर्क साधा. त्यांनी संपर्क साधलाही. मुलाचा फोन बंद होता, तो कुठल्यातरी मीटिंगमध्ये. पुन्हा लावला, पुन्हा बंद. नर्स घड्याळ बघत नव्हती, आणि तेच बाईंना बघवत नव्हतं. टेस्टला आपली गाडी न्यावी लागते, गाडी गेटच्या आत. वेळ टळून गेली तेव्हा नर्स हळूच म्हणाली की पुढच्या तारखेला बघू मॅडम, आणि बस पकडून कामावर गेली. बाई किती तरी वेळ हातात किल्ली घेऊन गाडीपाशी उभ्या होत्या.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्याने तो शब्द आधी पाहिलाच नव्हता. पाहुणा म्हटल्यावर तो मनापासून ओशाळला, आत्ता बदलतो म्हणाला. पण गेट त्यानेच तिकडून बंद केलं होतं, आणि त्याचं नाव काढलं की घसरायचा. डॉक्टर काय, काहीही सांगतात. नर्सने दुसऱ्या कुणाची गाडी न्यावी. तुझं वय काय, खुबा कुठला, हट्ट कशाचा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मग शब्द बदलून काय करणार आहेस? पाहुणीला मालकीण म्हणणार आणि गेटला कुलूप ठेवणार?

 मुलगा म्हणाला, "आई, बाबांच्या वेळी मी नुसती रिंग ऐकत बसलो होतो. आता मला दिसतं तरी. हे माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

 आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शब्दाला शब्द न देता फोन ठेवला. पोरगा वाईट असता तर किती सोपं झालं असतं. दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. पण प्रेमाने कुणी कुलूप लावलं म्हणून ते कुलूप नसतं असं थोडंच आहे! उद्या हाच पोरगा काळजीपोटी छोटं दारही बंद करेल, परवा गॅस, तेरवा खिडकी. मग आपण या घरात राहायचं की फक्त जपून ठेवलेलं असायचं? बाईंनी ठरवलं, आणि ठरवलं की त्यांना भूक लागायची. जेवून त्या शांत झोपल्या.

सकाळी काठी टेकत क्लचच्या दुकानात. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला की असा एक कंट्रोलर मिळतो, जो घराबाहेर कुणाशीच बोलत नाही. सगळा कारभार घरातल्या घरात. इंटरनेट बंद पडलं तरी दिवे लागतात, आणि तो स्वतः मेला तरी भिंतीवरची बटणं चालतात. बाहेरच्या फोनला काय दिसावं, काय नाही, ते घरात बसून ठरवायचं. बाई म्हणाल्या, आण. क्लचने कान खाजवला आणि विचारलं की बाई, मुलाला एकदा विचारलं असतं तर? बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तू माझा क्लच जाळलास तेव्हा मी तुझ्या आईला विचारायला गेले होते का? क्लचने ऑर्डरची वही काढली.

एक कंट्रोलर काढून दुसरा बसवणं म्हणजे नुसतं खिळ्याला टांगणं नव्हे. घरातला प्रत्येक दिवा, पंखा, गीझर त्या पांढऱ्या चकतीला बांधलेला होता. आधी त्याला ते नातं विसरायला लावायचं. त्यासाठी प्रत्येकाच्या पाठीवर टाचणीएवढं भोक असतं, त्यात बारीक टोक घालून आतलं बटण दाबून धरायचं, लाल ठिणगी लुकलुकायला लागली की तो मोकळा. क्लच हे करायला पुढे झाला तर बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याला बाजूला सारलं. त्याने स्टूल धरायचं, शिडीवर चढायचं, वायरी जोडायच्या. सोडवण्याचं काम त्यांचं.

जिन्यापासून सुरुवात केली. आकडा घातला, दाबून धरला, लाल ठिणगी लुकलुकली. मग बैठकीची खोली. मग मागची खोली. काचेच्या पाट्या निघत होत्या आणि त्यांच्या जागी टक्कन वाजणारी बटणं बसत होती. यजमान गेल्यापासून बाईंनी कुठल्याच कामात इतका रस घेतला नव्हता. तिकडे दूरच्या शहरात मुलाच्या फोनवर एकेक दिवा नाहीसा होत होता. स्वयंपाकघरापाशी पोचल्या तेव्हा त्याचा फोन आला. बाईंनी तो ओट्यावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि आकडा चालू ठेवला. मुलगा घाबरून विचारत होता की काय झालं, वीज गेली का, शॉर्ट सर्किट झालं का. बाईंनी सांगितलं की काही गेलेलं नाही, मी आलेय.

सगळं सुटलं, राहिलं फक्त गेट. गेटची मोटर चोरांच्या भीतीने अशी बनवलेली की आकड्याने विसरत नाही. मालकाने आपल्या फोनवरून 'सोडा' म्हटलं तरच सुटते. क्लचने हात वर केले.

"इंडिकेटर, गेट सोड," बाई फोनवर म्हणाल्या.

"नाही सोडणार, आई."

"बरं. मग तुझी मोटर तुला लखलाभ. गेट माझं आहे."

आणि त्यांनी क्लचला मोटरचा दातेरी पट्टा काढून टाकायला लावला. आता मोटर नुसती खांबाला चिकटून बसली. गेट मात्र रुळावर सुटं झालं, हाताने ढकललं की सरकणारं. सरकणारं म्हणजे काय, भलतं जड होतं ते. बाईंनी रुळाला तेल पाजलं, गेटला पाठ लावली आणि चांगला पाय जमिनीत रोवून रेटा दिला. पहिल्या दिवशी ते वीतभर सरकलं. दुसऱ्या दिवशी हातभर. येणारे-जाणारे मदतीला धावायचे तर बाई म्हणायच्या, हात लावलात तर याद राखा. आठवड्याभरात गाडी बाहेर निघण्याइतकं गेट त्या पाठीने उघडू लागल्या. नर्सचा सराव पुन्हा सुरू झाला.

नर्सच्या टेस्टची नवी तारीख आली. त्या सकाळी बाई पाठ लावून गेट रेटत होत्या आणि ते अचानक हलकं झालं. वळून पाहिलं तर मुलगा. बॅग रस्त्यावर टाकलेली, दोन्ही हात गेटवर. तो न कळवता आला होता, भांडायलाच आला होता, तोंडावरून दिसत होतं. पण आईला असं रेटताना बघून आधी हातच पुढे गेले. दोघांनी मिळून गेट उघडलं.

मग बाई म्हणाल्या की बॅग आत टाक आणि बस. तो सवयीने चालवायच्या सीटकडे निघाला. बाईंनी काठीने दुसरी बाजू दाखवली. शेजारची सीट. जिथे बाई आयुष्यभर बसल्या होत्या.

नर्स टेस्टच्या मैदानावर वाट बघत होती, तिथवर बाई गाडी चालवणार होत्या. गल्ली नीट गेली. मोठ्या रस्त्याला लागल्या आणि चौकात उजवीकडून एक ट्रक आला. बाईंना तो केव्हाच दिसला होता. त्यांचा पाय ब्रेककडे निघालाच होता, तेवढ्यात शेजारून मुलाने जोरात ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन चौकाच्या मधोमध बंद. मागून हॉर्नचा गोंगाट. ट्रकवाला वाकून दोघांना काहीतरी म्हणाला आणि ते काही चांगलं नव्हतं. बाईंनी शांतपणे गाडी सुरू केली, चौक ओलांडला आणि एका झाडाखाली बाजूला घेतली. मुलाचा पाय अजून ब्रेकवरच होता.

"मी तुला शिकवलं तेव्हा हा ब्रेक किती वेळा दाबला होता?" बाईंनी विचारलं.

त्याने आठवून पाहिलं. "एकदा. दूध केंद्राची भिंत आली तेव्हा."

"आणि बाकीचे महिने काय करत होते मी?"

त्याने स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

"पाय अधांतरी धरून बसत होते. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, तुझे बाबा तेल चोळून द्यायचे. दाबणं सोपं असतं रे. मलाही भीती वाटायची, माझंच पोर होतं स्टिअरिंगवर. पण प्रत्येक वेळी दाबला असता तर तू गाडी शिकला असतास? आज मला चालवू दे. मी मरेन तेव्हा मरेन, पण तोवर माझी गाडी मी चालवणार. तू पाय काढून घे असं मी म्हणत नाही. ठेव. दाबू नकोस."

मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंनी गाडी काढली. पुढे शाळेपाशी एक सायकल अचानक आडवी आली आणि बाईंनी नजरेच्या कोपऱ्यातून पाहिलं, की शेजारचा पाय उचलला गेला, ब्रेकवर आला, आणि तिथेच थांबला. बोटभर वर. पोटरी थरथरत होती. बाईंनी सायकल चुकवली. 

मैदानावर नर्सने गाडी ताब्यात घेतली, चढावर थांबवून पुन्हा काढली, उलटं पार्किंग केलं, आणि टेस्ट घेणाऱ्या साहेबांच्या गाडीमागून एक बकरी आडवी आली तेव्हा चक्क हॉर्न वाजवला. ती पास झाली. बाईंना आनंद झाला तो त्या हॉर्नचा. कठड्यापाशी उभ्या असलेल्या मुलाने तेवढ्यात खिशातून फोन काढला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, आणि 'सोडा' दाबलं. आईला सांगितलं नाही. घरी आल्यावर क्लच बोंबलत सांगत आला की गेटची मोटर सुटली, आता ती नव्या कंट्रोलरला जोडता येते.

पट्टा पुन्हा बसवला. आता नव्या कंट्रोलरमध्ये माणसं घालायची वेळ आली. मालकाच्या जागी बाईंनी स्वतःचा नंबर टाकला, स्वतःच्या बोटाने. मग क्लचने विचारलं की मुलाला काय करू, पाहुणा? मुलगा तिथेच बसला होता, तो म्हणाला की कर, मला तेच शोभतं. बाई कडाडल्या, की घरच्या माणसाला पाहुणा म्हणायची अक्कल त्या बशीलाच असेल, माझ्या घरात हा शब्द नको. क्लचने सांगितलं की यात आपण हवी ती जागा बनवू शकतो, तिला हवं ते नाव देऊ शकतो. मग बाईंनी आणि मुलाने मिळून ती जागा बनवली. सकाळी स्वयंपाकघरातला दिवा लागला नाही तर त्याचा फोन वाजणार. बाथरूममध्ये आणि पोर्चमध्ये फरशीपासून वीतभर उंचीवर एकेक लाल बटण, ते दाबलं तरी वाजणार. आणि तो वाजला तरच त्याला तिकडून दार उघडता येणार, कुणालाही आत पाठवता येणार. एरवी फ्रिज नाही, जिना नाही, गीझर नाही. त्या जागेचं नाव क्लचने बाईंच्या सांगण्यावरून टाईप केलं, शेजारची सीट.

मुलगा परत गेला. दिवस चांगले चालले होते. मग एका सकाळी नर्स दवाखान्याची नवी कोरी व्हॅन घेऊन बाईंच्या दारात आली, पहिल्या फेरीआधी बाईंना बसवून एक चक्कर मारायला. बाई तोंड धुऊन तशाच निघाल्या. चहा वाटेत घेऊ म्हणाल्या. स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नाही. फोन टेबलावर राहिला.

दूरच्या शहरात मुलाचा फोन वाजला. दिवा लागलेला नाही. त्याने आईला लावला. रिंग वाजत राहिली, तीच, वडिलांच्या वेळची. दाराचं बटण त्याच्या अंगठ्याखाली होतं. क्लचला सांगितलं असतं तर तो धावत आत शिरला असता, शेजारीपाजारी जमले असते. त्याने पोर्चमध्ये लाल बटण दाबलं गेलंय का पाहिलं. नव्हतं. बाथरूममध्येही नव्हतं. त्याने पुन्हा आईला लावला. पुन्हा. सून शेजारी उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होती.

बाई परतल्या तेव्हा फोन टेबलावर सरकत सरकत काठापर्यंत आला होता. त्यांनी उचलला, नाव पाहिलं आणि काय झालं असेल ते एका क्षणात कळलं.

"दाबलास का?" त्यांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.  "पाय ठेवला होता फक्त."

बाई खुर्चीत बसल्या. यजमानांच्या खुर्चीत.

"गोळे आले असतील," त्या म्हणाल्या. "सुनेला म्हणावं, तेल चोळून दे."